उपक्रमाचं वय चौथीला संपत नाही

उपक्रमाचं वय चौथीला संपतं, असं आपल्याकडे सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं आहे. पहिलीत चिंचोके, मणी आणि आइसक्रीमच्या काड्या, दुसरीत खोट्या नोटांचा बाजार, चौथीत फार तर पुठ्ठ्याचं घड्याळ. लेकरू सहावीत गेलं की हे सगळं कपाटात जातं आणि फळ्यावर सूत्र येतं. लोहारा तालुक्यात पालकांना विचारा, नाहीतर हायस्कूलवर वर्षानुवर्षं गणित शिकवणाऱ्या सरांना विचारा. उत्तर साधारण एकच मिळतं. खेळ लहानपणी झाला, आता बीजगणित लागलं, आता सराव.

हे मत खोडायचं तर आधी ते नीट मांडलं पाहिजे. लेचापेचा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात काही पुरुषार्थ नाही. तो पक्ष असा: गणित हे अमूर्ताचं शास्त्र. सहावीत ऋण संख्या येतात, पुढे चल येतात, बैजिक राशी येतात. उणे तीन चिंचोके कोणी दाखवायचे? वस्तूला जितकं धरून बसाल तितकं लेकरू खाली राहील. शिवाय अभ्यासक्रम मोठा, तासिका मोजक्या, शिक्षकाच्या डोक्यावर माहिती भरण्याची शंभर कामं. परीक्षा तर मानगुटीवर बसलेलीच असते. आणि सगळ्यात जोरात सांगितलं जातं ते शेवटी: आमच्या आजोबांनी पावकी-निमकी घोकली, त्यांना कोणी रंगीत ठोकळे दिले नव्हते, तरी मोंढ्यात आडत्याच्या पट्टीतली चूक ते उभ्या उभ्या काढायचे.

आजोबांपासूनच सुरुवात करू, कारण त्यांची साक्ष उलट बाजूने जाते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकले जायचे हे खरं. पण ते टिकून होते ते सोळा आण्यांच्या रुपयावर आणि चार शेरांच्या पायलीवर. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा ही बाजाराची रोजची मापं होती. सकाळी पंतोजींपुढे घोकलेली सवायकी संध्याकाळी दुकानात, खळ्यावर, सावकाराच्या ओट्यावर वापरली जायची. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि एका पिढीच्या आत हे पाढे शाळेतून नाहीसे झाले. घोकंपट्टीतच बळ असतं, तर ते असे बघता बघता गेले नसते. हात व्यवहारात बुडालेला होता म्हणून पाठांतराला अर्थ होता. आज आपण पाठांतर ठेवलं आणि व्यवहार काढून घेतला, आणि वर आजोबांचं नाव सांगतो.

मग लेकरांना सरळ बाजारातच बसवावं का? नाही. २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी आणि चटकन करत होती; तीच मुलं वहीतल्या सोप्या गणिताला अडत होती. शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलटं होतं: वहीतलं जमत होतं, बाजारातलं नाही. व्यवहार एका काठाला, वही दुसऱ्या काठाला, आणि एकीकडून दुसरीकडे जाणारं पाऊल आपोआप पडत नाही. ते कोणीतरी शिकवावं लागतं. माझ्या मते त्याची जागा सहावी ते आठवी हीच, कारण अंक, चिन्हं आणि वाढतं व्यवहारज्ञान ही तिन्ही एकाच वेळी हाताशी असतात ती याच वयात. चौथीतल्या मुलाला बियाण्याचा भाव कशाला माहीत असतो? आठवीतला मुलगा तो बापाबरोबर कृषी सेवा केंद्रात उभं राहून ऐकून आलेला असतो.

आकडेही हेच सुचवतात. डिसेंबर २०२४मध्ये झालेल्या 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षणात गणिताची देशभरातली सरासरी तिसरीला ६० टक्के, सहावीला ४६ टक्के आणि नववीला ३७ टक्के निघाली. तिन्ही इयत्तांचे प्रश्न वेगळे, मुलंही वेगळी, त्यामुळे या आकड्यांची थेट वजाबाकी करू नये. पण घसरण कोणत्या वर्षांत आहे ते दिसतं. ज्या वर्षांत आपण कपाटाला कुलूप लावतो तीच ही वर्षं. कुलपामुळेच घसरण झाली असं मी म्हणत नाही. नुसता फळा आणि सराव पुरेसा आहे, हे मात्र या आकड्यांसमोर उभं राहून म्हणता येणार नाही.

याहून बोलका आकडा मला पट्टीचा वाटतो. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाने २०२३मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना पट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी विचारली. वस्तूचं टोक शून्यावर असताना सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर सांगितली. वस्तू थोडी पुढे सरकवली, शून्याऐवजी मधल्याच खुणेपासून सुरू केली, तेव्हा बरोबर सांगणारी मुलं ३९ टक्क्यांवर आली. म्हणजे उरलेल्यांना मोजणं येत नव्हतं, शेवटचा आकडा वाचणं येत होतं. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे लांबी ही समज त्यांच्यापाशी नव्हती, आणि ती नाही हे नऊ-दहा वर्षांच्या शाळेत कोणाला कळलंही नव्हतं. सराव तर भरपूर झाला असणार! शून्यापासून मोजण्याचा.

यावर उपाय काय? कागदी पट्टीचे पहिले तीन सेंटिमीटर कात्रीने कापून टाका आणि उरलेल्या तुकड्याने वहीची लांबी मोजायला सांगा. पहिल्या फेरीत अर्धा वर्ग तीन सेंटिमीटर जास्त सांगेल. मग शेजारच्या बाकावरचं उत्तर वेगळं का आलं यावर वाद होईल. तो वाद मिटता मिटता 'शेवटचा आकडा वजा पहिला आकडा' हे मुलांच्याच तोंडून येतं, आणि 'ल = ब − अ' असं ते फळ्यावर लिहिता येतं. याच वजाबाकीवर पुढे संख्यारेषेवरचं अंतर उभं राहतं, ऋण संख्यांसकट. कात्रीचा हा खेळ चौथीचा नाही, सहावीचाच आहे.

आता पूर्वपक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा: उपक्रमात गणित हरवतं. हा मुद्दा मी अर्धा मान्य करतो, आणि तो अर्धा भाग लहान नाही. शाळांमधला बाल आनंद मेळावा आठवा. सहावीतली मुलगी भेळेचा स्टॉल लावते. चुरमुरे, कांदा, चिंचेचं पाणी आईने आदल्या रात्री करून दिलेलं. दुपारपर्यंत डबा रिकामा, गल्ल्यात ५६० रुपये, फोटो, टाळ्या. खर्च किती आला? विचारलं तर आईला माहीत. नफा किती? सगळेच ५६०. खर्च ४०० धरला तर नफा १६० आणि खरेदीवर ४० टक्के, हे दोन ओळींचं गणित त्या दिवशी कोणाच्याच वहीत उतरत नाही. बाजार भरतो, भेळ संपते, गणिताशी गाठ पडायची राहून जाते.

ही गत जुनी आहे. १९३७च्या वर्धा परिषदेतून नई तालीम निघाली, तेव्हा हस्तोद्योगाशी प्रत्येक विषय जोडायचा ठरलं. कल्पना मोठी होती. पण तकलीशी जे जुळत नाही तेही तिलाच बांधायचं, अशी ओढाताण पुढे झाली आणि या जोडणीसाठीच्या 'समवाय' या शब्दाला जुलमाची जोडणी असा डाग लागला. अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी ज्ञानरचनावाद म्हणजे काय ते प्रत्यक्ष करून दाखवलं. राज्यभरातून शिक्षक पाहायला गेले, २०१५मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला, आणि परत आलेल्या अनेकांनी तिथून काय आणलं? फरशी रंगवायची कल्पना. मूळ काम मुलाच्या विचारावर होतं, नक्कल रंगाची झाली. अमेरिकेत डेबोरा बॉल या गणित शिकवणाऱ्या विदुषीने १९९२मध्येच बजावून ठेवलं होतं की वस्तू हाताळली म्हणजे संकल्पना कळली, या आशेला आधार नाही. वस्तूत काय पाहायचं हे शिक्षकाला आधीच दिसत असतं. मुलाला ते दिसेलच असं नाही.

हे सगळं मान्य. पण यातून निघतं काय? वाईट उपक्रम वाईट असतो, एवढंच. त्यातून 'म्हणून उपक्रम नको' हा निष्कर्ष निघत नाही. तसा तो निघत असता तर वाईट फळालेखनावरून फळाही काढून टाकावा लागला असता. चांगल्या उपक्रमाची खूण मी इतकीच मानतो: त्यात असा एक प्रश्न हवा ज्याचं उत्तर वस्तू हाताळल्याशिवाय मिळत नाही, आणि शेवट वहीत, चिन्हांत व्हायला हवा. सजावट असली काय, नसली काय.

लोहाऱ्याच्या शिवारातलाच असा एक उपक्रम दाखवतो. सोयाबीन हे इथलं खरिपाचं मोठं पीक. घरचं बियाणं पेरायचं तर आधी उगवणक्षमता तपासा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं आणि सहा-सात दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणं. कमी उगवले तर जास्त पेरा. शंभरातले किती, हे मोजताच शतमान हातात येतं. त्यासाठी वेगळी व्याख्या लागत नाही.

खरी गंमत इथून पुढे आहे. एकाच पोत्यातले दाणे पाच गटांना दिले, तर एकाचे ६६ उगवतील, दुसऱ्याचे ७३. मुलं आधी एकमेकांवर खोटं मोजल्याचा आळ घेतील. पुन्हा मोजलं तरी आकडे तेच. मग पोतं एक आणि उत्तरं पाच, हे कसं? नमुना म्हणजे काय, सरासरी कशासाठी, शंभर दाण्यांपेक्षा पाचशे दाण्यांवर जास्त भरवसा का, हे प्रश्न पुस्तकातल्या तयार तक्त्यावरून कधीच पडत नाहीत, कारण त्या तक्त्यावर कोणाचं भांडण झालेलं नसतं.

दुसरा प्रश्न: उगवण ६० टक्केच आली तर एकरी किती पेरायचं? शिवारात ढोबळ हिशेब सांगतात की सत्तरच्या खाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा. म्हणजे साठला ३५ किलो. आता वर्गात दुसऱ्या वाटेने जा. तीस किलोतलं सत्तर टक्के म्हणजे २१ किलो उगवणारं बियाणं. ते तेवढंच राहिलं पाहिजे. म्हणून टक्के आणि किलो यांचा गुणाकार कायम २१००. साठ टक्क्यांना २१०० भागिले ६०, पुन्हा ३५! दोन्ही वाटा एकाच जागी आल्या, मुलं खूश. आता ६५ घ्या. ढोबळ हिशेबाने ३२.५, भागाकाराने ३२.३. पन्नास घ्या: ४० आणि ४२. पस्तीस घ्या: ४७.५ आणि चक्क ६०. इतकं मेलेलं बियाणं कोणी पेरू नये, साठच्या खालीच ते पेरणीतून बाद करावं. पण कागदावर आलेख काढायला हरकत नाही. एक सरळ रेषा निघते, एक वक्र, आणि दोन्ही ६० आणि ७० या दोनच ठिकाणी एकमेकांना छेदतात. शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नाही. कामाच्या पट्ट्यात तो बरोबर आहे, पट्ट्याबाहेर नाही. व्यस्त चलन म्हणजे काय आणि सरळ रेषेपेक्षा ते वेगळं कसं, हे याहून स्वच्छ कोणत्या उदाहरणात दिसेल? आणि कोणी म्हणालं की यात अमूर्त कुठे आहे, तर 'क्ष × य = २१००' हे समीकरण त्याच वहीच्या त्याच पानावर आहे.

अमूर्ताचा आग्रह धरणाऱ्यांना भास्कराचार्यांचीही आठवण करून द्यावीशी वाटते. ११५०च्या सुमाराची 'लीलावती' काही बालवाडीचं पुस्तक नव्हे. तरी तिच्यात भुंगे आहेत, हंस आहेत, मोर आणि साप आहेत, वाऱ्याने मोडलेला बांबू आहे. बत्तीस हात उंचीचा बांबू मोडून त्याचं टोक बुंध्यापासून सोळा हातांवर टेकलं, तर तो किती उंचीवर मोडला? दोरी घ्या, बत्तीस हात मोजा, मैदानावर करून बघा: बारा हातांवर. मग पायथागोरसच्या प्रमेयाने ताळा करा. १४४ अधिक २५६ बरोबर ४००, म्हणजे कर्ण २०, आणि १२ अधिक २० बरोबर ३२. त्याच ग्रंथात वर्तुळासाठी ढोबळ २२/७ आणि सूक्ष्म ३९२७/१२५० अशी दोन गुणोत्तरं दिली आहेत. व्यवहाराला एक, बारकाईला दुसरं. सातवीच्या वर्गाने सुतळी आणि टेपने ताटली, बांगडी, बोअरचा पाइप मोजून परीघाला व्यासाने भागलं, की दरवेळी तीनहून थोडं जास्त येतं आणि कधीच नेमकं तेच येत नाही. तेव्हा दोन गुणोत्तरं का लागली हे विचारण्याचा हक्क त्यांना मिळतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण्याला मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. शिकणारे अर्थातच चौथीतले नव्हते.

लोहारा तालुक्यात विषयांची वाण नाही. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, बापाच्या तोंडात एकर-गुंठे. १ हेक्टर २० आर म्हणजे किती, हे घरात एकाला तरी खात्रीने सांगता येतं का पाहा. शाळेच्या मैदानावर ३३ फुटांच्या दोरीने एक गुंठा आखून घ्या, तोच मीटरने मोजा, १०१ चौरस मीटरच्या वर थोडं भरेल. मग त्या मापाने १ हेक्टर २० आरच्या बारा हजार चौरस मीटरला भागा: २ एकर ३८ गुंठे आणि वर साधारण दहा आणे. सास्तूर आणि आसपासची १९९३च्या भूकंपानंतर नव्याने वसवलेली गावं चौकटीत आखलेली आहेत, सरळ रस्ते, काटकोनात वळणं. निर्देशक भूमिती पुस्तकात नववीला येते. या गावांतलं आठवीचं लेकरू आपल्या घराचा पत्ता 'शाळेपासून तीन गल्ल्या पूर्वेला, दोन उत्तरेला' असा आजच सांगू शकतं, आणि पश्चिमेला गेलं की ऋण चिन्ह का लागतं तेही.

उपक्रम कुठे करू नये, हेही सांगतो. उणे गुणिले उणे अधिक का, हे दाखवण्यासाठी मी कोणतीही वस्तू आणणार नाही. उधारीच्या उधारीची गोष्ट रचून मुलांना गोंधळात टाकण्यापेक्षा फळ्यावर ओळी लिहाव्यात: तीन गुणिले उणे दोन, उणे सहा; दोन गुणिले उणे दोन, उणे चार; मग उणे दोन, मग शून्य, आणि पुढची ओळ मुलांनीच भरावी. तिथे खडू पुरतो. पाढ्यांनाही माझा विरोध नाही. तीसपर्यंत पाठ हवेत, नाहीतर २१०० भागिले ६५ करताना सगळा वेळ भागाकारातच जाईल.

राहिला वेळ आणि परीक्षा. दाणे मांडायला एक तासिका, मोजून लिहायला दुसरी. मधले दिवस गोणपाट आपलं काम करतं. यात शतमान, सरासरी, व्यस्त चलन आणि आलेख एकदम निघतात, जे वेगवेगळे शिकवायला अनेक तासिका जातात. परीक्षेचा धाक तर सहावीनंतर मला कळतच नाही. ज्या नवोदयच्या नावाने पाचवीची मुलं वर्षभर पिळली जातात, त्या तुळजापूरच्या विद्यालयात सहावीला ८० जागा असतात, आणि ती परीक्षा सहावीत पाऊल टाकण्याआधीच होऊन गेलेली असते. पुढच्या परीक्षा प्रश्न फिरवून विचारतात. पट्टी सरकवलेला प्रश्न आला की नुसत्या सरावाचं काय होतं, ते ३९ टक्क्यांनी सांगितलंच आहे.

आणि 'आपल्या भागात असलं चालत नाही' असं म्हणणाऱ्यांनी हिप्परगा रवा आठवावं. निझामी राजवटीत, सरकारी शिक्षण उर्दूतून चालत असताना, १९२१ साली या खेड्यात राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ पुढे तिथे मुख्याध्यापक होते. सरकारी चाकोरी सोडून शाळा चालवण्याची हिंमत या मातीला नवी नाही.

तेव्हा लोहारा तालुक्यात सहावी ते आठवीला गणित शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. शाळा जूनच्या मध्यावर उघडते तेव्हा पेरणी तोंडावर असते. पहिल्याच आठवड्यात मुलांना घरून शंभर-शंभर दाणे आणायला सांगा, गोणपाट भिजवा, आकडे वहीत उतरवून घ्या आणि आलेख काढून घ्या. मग पालकांना बोलवा, आणि त्यांच्या बियाण्याला एकरी किती किलो लागेल ते त्यांच्याच लेकराला उभं करून वहीतून सांगायला लावा.